श्रद्धेचा मधला काळ



भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे मूठभर आहेत. असे असताना या व्यासपीठावरून ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलावे, आणि तेही तिच्या उत्कर्षाविषयी नव्हे तर तिच्या पडत्या काळाविषयी बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, याचा अर्थ मी असा करतो की, संकटात देवाशी असलेले नाते कसे राखावे हा प्रश्न कोण्या एका मंडळीच्या मालकीचा नाही, हे त्यांनी ओळखले आहे. ईश्वर आहे की नाही, किंवा अमुक धर्म खरा आणि तमुक खोटा, असला वाद मी आज मांडणार नाही. ज्याने एकदा मनापासून विश्वास ठेवला, आणि त्यानंतर ज्याच्यावर असे काही कोसळले की प्रार्थनेचे शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरतात, त्या माणसाने काय करावे, एवढाच माझा विषय आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला पोथीतून शिकावा लागत नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे याच भंडारा शहरातील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. त्या मातांपुढे उभे राहून ज्याला ईश्वरी योजनेची उपपत्ती सांगता येईल, त्याच्या विद्वत्तेविषयी मला आदर वाटत नाही. हातातोंडाशी आलेले धान तुडतुड्याने करपलेले पाहून बांधावर बसून राहिलेला शेतकरी, गोसीखुर्द धरणाच्या जलाशयासाठी वाडवडिलांचे गाव सोडून नव्या वसाहतीत उपऱ्यासारखा राहणारा वृद्ध, कर्त्या मुलाच्या मृत्यूनंतर उपासनेला जाण्याचे टाळणारा पिता, यांच्यापैकी कोणालाही आपण पटकन ‘देवाची इच्छा’ म्हणतो, ‘ही परीक्षा आहे’ म्हणतो, क्वचित ‘काही पाप घडले असेल’ असेही सुचवितो. आणि असे बोलून आपण त्याचे दुःख हलके करीत नाही, तर त्याच्या दुःखापुढे आपली झालेली अडचण तेवढी दूर करतो.

पवित्र शास्त्राने या उतावळ्या सांत्वनाचा निषेध केला आहे, ही गोष्ट ख्रिस्ती माणसेसुद्धा विसरतात. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्याने बसले तोपर्यंत ते मित्र होते. त्यांनी तोंड उघडून देवाची बाजू मांडावयास आरंभ केला, तेव्हापासून ते त्याचे छळक झाले. ईयोबाने मात्र आपली कैफियत सरळ परमेश्वरापुढे मांडली, त्याच्याकडे जाब मागितला, आपल्या जन्माच्या दिवसाला शाप दिला. आणि ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराचा कोप झाला तो या फिर्यादीवर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी फार मोठा भाग आक्रोशाचा आहे. त्यांतील बहुतेक स्तोत्रे आक्रोशाने आरंभ पावून स्तुतीत संपतात, पण 88 वे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, आणि तरीही ते कोणी ग्रंथातून वगळले नाही. वधस्तंभावर प्रभू येशूच्या मुखातून जो त्यागल्याचा आर्त प्रश्न निघाला, तोही 22 व्या स्तोत्राचाच आरंभ होता. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असा प्रश्न उभा आहे, त्या धर्मात प्रश्न विचारणाऱ्याला अपराधी ठरविण्याचा अधिकार कोणाला असावा?

मराठी मनाला तर हे मुळीच परके वाटू नये. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबा विठ्ठलाशी भांडले, रुसले, त्याला बोल लावला. पण ते भांडण त्यांनी विठ्ठलाशीच केले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत, त्यात मला केवळ काव्यदृष्ट्या सुंदर उद्गार दिसत नाही. देवाशी बोलण्याची जी निर्भीड रीत त्यांना अभंगांनी शिकविली, तीच त्यांनी आपल्या ख्रिस्ती भक्तीत आणली, असा त्याचा अर्थ मला वाटतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. थोमा हा शिष्य, ज्याला भारतातील प्राचीन ख्रिस्ती परंपरा आपला प्रेषित मानते, सर्व जगात संशयी म्हणून बदनाम झाला आहे. प्रभूचे पुनरुत्थान झाल्यावर इतर शिष्यांना त्याचे दर्शन झाले तेव्हा थोमा तेथे नव्हता. आणि जखमांचे व्रण स्वतः पाहिल्यावाचून, त्यांना स्पर्श केल्यावाचून मी विश्वास ठेवणार नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात यापुढे जे म्हटले आहे त्याकडे आपले लक्ष जात नाही. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा त्या घरात होते, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्या आठ दिवसांत काय घडले याविषयी शुभवर्तमानकाराने एक अक्षर लिहिलेले नाही. पण एवढे निश्चित की, जे इतरांना दिसले ते आपल्याला दिसले नाही असे म्हणणारा हा माणूस मंडळी सोडून निघून गेला नाही, आणि ज्यांना दर्शन झाले होते त्यांनीही त्याला बाहेर घातले नाही. पुढे त्याला जे उत्तर मिळाले, ते त्या घरात, त्या माणसांमध्ये असताना मिळाले. शंका आणि उत्तर यांच्या मधला जो हा काळ, त्यालाच मी श्रद्धेचा मधला काळ म्हणतो. आणि श्रद्धा टिकते किंवा मोडते ती या काळात माणूस कोठे राहतो आणि काय करतो यावर, असे माझे प्रतिपादन आहे.

याची साक्ष आपल्या भाषेतील तीन चरित्रे देतात. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले; तो लोहमार्ग वरठीचे भंडारा रोड आणि पुढचे तुमसर रोड ही स्थानके घेत, वैनगंगा ओलांडून, आपल्याच मुलुखातून जातो. त्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त जिंकले. तथापि त्यांचा बाप्तिस्मा मुंबईस झाला तो 10 फेब्रुवारी 1895 रोजी. मधली दोन वर्षे मन एकीकडे आणि संसार, जात, आप्त दुसरीकडे, अशा ओढाताणीत गेली. पुढे मिशनच्या सेवेत आयुष्याची वर्षे घालविल्यावर, परक्या रीतीच्या मंडळीत भारतीय भक्ताचा जीव घुसमटतो हे त्यांना जाणवले, तेव्हा त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही. 1917 साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापून, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या भक्तांसाठी त्याचे दार मोकळे ठेवले. मंडळीच्या व्यवस्थेविषयी शंका आली म्हणून मंडळीच्या प्रभूवरील विश्वास सुटलाच पाहिजे असे नाही, हे 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आचरणाने दाखविले.

परंतु टिळकांच्या निर्णयाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. कडकडीत सोवळ्यात वाढलेल्या त्या स्त्रीचा संसार पतीच्या बाप्तिस्म्याच्या वार्तेने उन्मळून पडला. ताटातूट झाली, लोकनिंदा वाट्यास आली. त्या पुन्हा पतीकडे आल्या त्याही आपला आचार सांभाळूनच. त्यांना कोणी वादात जिंकले नाही. माणसामाणसांतील भेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात आपला आपण उभा राहिला. स्पर्शास्पर्शाचा बंध गळून पडला, आणि पतीनंतर पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या पाच वर्षांत टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली असती तर एक नाममात्र ख्रिस्तीण तेवढी निर्माण झाली असती. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी निर्मळ बुद्धीची लेखिका आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ वैधव्यात पुढे नेणारी कवयित्री आपल्याला लाभली नसती. दुसऱ्याच्या मधल्या काळाला मुदत घालून देऊ नये, हा धडा या दांपत्याच्या जीवनात आहे.

तिसरे चरित्र पंडिता रमाबाईंचे. दक्षिणेतील 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, आणि लहानपणापासून जोपासलेला विश्वास त्या उपासमारीत ढळला. पुढे भाऊ गेला, अल्प सहवासानंतर पती गेला. 1883 साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तेथील मठाच्या भगिनींशी त्यांचा धर्मसिद्धान्तांविषयीचा वाद पत्रांतून चालूच राहिला. आपली बुद्धी गहाण टाकावयास त्यांनी साफ नकार दिला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे 1891 च्या सुमारास, आपल्याला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता अशी जाणीव त्यांना झाली, आणि ती त्यांनी पुढे आपल्या साक्षीत प्रांजळपणे नमूद केली. या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1889 साली त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले होते. नंतर 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांनी मध्यप्रांताची दैना केली. 1901 च्या शिरगणतीत आपल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, एवढ्या एका नोंदीवरून त्या काळाची कल्पना यावी. 1897 साली मध्यप्रांतातील दुष्काळाची वार्ता ऐकून रमाबाई तिकडे धावल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुण्याजवळ केडगाव येथे आपल्या आश्रयास घेऊन आल्या. ज्या उपासमारीने त्यांचा पहिला विश्वास हिरावून घेतला होता, तिच्याशीच त्यांनी आपल्या दुसऱ्या विश्वासाच्या बळावर झुंज घेतली. 1921 च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्याआधी गेली. तरीही शास्त्राच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही, आणि ते पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

या तिघांच्या मधल्या काळांत एक गोष्ट समान आहे. आधी शंका फिटू द्यावी आणि मग जगावे, असा क्रम त्यांनी लावला नाही. आपल्या जिल्ह्यातील मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव ज्यांनी राखले त्यांना हे सहज पटेल: तलावातील गाळ काढणे, पाळीची डागडुजी करणे ही कामे पाणी आटल्यावरच करता येतात, आणि कोरड्या तलावाकडे पाहून जो कुदळ टाकून देतो त्याच्या शेताला पुढच्या वर्षी चांगला पाऊस पडूनही उपयोग होत नाही. भक्तीचा ओलावा आटला असता प्रार्थनेची वेळ पाळणे, शेजाऱ्याच्या आजारात रात्र जागविणे, दिलेला शब्द न मोडणे, याला काही लोक दांभिकपणा म्हणतील. पण जो स्वतःशी आणि देवाशी आपल्या कोरडेपणाची कबुली देऊन हे करतो, तो दांभिक नाही.

म्हणून ज्याच्या मनात आज शंका आहे त्याला माझे सांगणे असे की, आपली फिर्याद मुकी ठेवू नका. ती मराठीत, आपल्या घरच्या बोलीत, शब्दांची निवड न करता देवापुढे मांडा. उपासनेत गाता आले नाही तर गाऊ नका, परंतु जे गात आहेत त्यांच्यात बसा. काही दिवस त्यांना तुमच्या वतीने गाऊ द्या. आपल्याहून अधिक दुःखी अशा एखाद्या माणसाच्या उपयोगी पडा. आणि मनाचा अंधार दिवसेंदिवस दाटत जाऊन झोप, अन्न आणि जगण्याची इच्छा हिरावून घेऊ लागला, तर डॉक्टरांकडे जा. तो आजार आहे, अश्रद्धा नव्हे, आणि औषध घेण्यात विश्वासाची कोणतीही हानी नाही.

पाळकांना आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांना माझी विनंती याहून कठोर आहे. आपल्यातला एखादा तरुण, आपला विश्वास राहिला नाही असे म्हणतो, तेव्हा त्याच्या घरच्यांना बोलावून जाब विचारण्याची, त्याला प्रवचनातून टोमणे मारण्याची किंवा त्याच्यासाठी जाहीर प्रार्थना करून त्याची लाज काढण्याची रीत सोडून द्या. त्याच्या घरी जा, ईयोबाच्या मित्रांनी पहिल्या सात दिवसांत जे केले तेवढेच करा, आणि त्याची जागा राखून ठेवा.

सर्वांना अखेर उत्तर मिळतेच, असे मी म्हणत नाही. थोमाला ते आठ दिवसांत मिळाले, रमाबाईंना आठ वर्षांत; 88 वे स्तोत्र रचणाऱ्याला ते मिळाल्याची नोंद नाही. ज्यांना ते या जन्मी मिळाले नाही अशी माणसे मंडळीत नेहमीच होती आणि आहेत. सर्व बाजूंनी निराश होऊनही ती देवाला विचारावयाचे थांबली नाहीत, आणि माझ्या मते, ज्यांना कधी शंकाच आली नाही त्यांच्याहून त्यांचा विश्वास उणा नाही. अशा माणसांना सामावून घेण्याइतकी आपली मंडळी, आपला समाज आणि आपले मन मोठे असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.