शिकणे हेही तप : स्वाध्यायाची पंचसूत्री

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा वास्तू, निधी आणि उपक्रम यांचा लेखाजोखा मांडला जातो, आणि तो मांडला जाणे उचितच आहे. परंतु एक हिशेब असा आहे की, तो जमाखर्चाच्या वहीत बसत नाही. संस्थेच्या छायेत जी मुले शिकली ती नेमके काय शिकली, आणि शिकलेल्यापैकी त्यांच्याजवळ किती उरले? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, उपनगरातील मुलाचा दिवस आज शिकवणाऱ्यांनी भरून गेलेला आहे. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी आणखी एखादा वर्ग आणि रविवारी पाठशाळा. शिकवण्याचे तास वाढले. शिकण्याचे तास वाढले काय? ‘काल पाठ होते, आज विसरला’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ती चार वेळा कानांवर पडली की मूल स्वतःलाच मंदबुद्धी समजू लागते, आणि एकदा ही समजूत रुजली की दहावीनंतर पाठशाळेचा उंबरठाही सुटतो. म्हणून हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा नाही. आपले कोणते मूल ज्ञानापासून कायमचे दुरावते, याचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच परंपरेत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर आगमांत हेच पाच प्रकार थोड्या वेगळ्या नावांनी व क्रमाने येतात. तेथे आम्नायाच्या जागी परिवर्तना आहे आणि ती अनुप्रेक्षेच्या आधी येते. दोन्ही परंपरांनी स्वाध्यायाची गणना आभ्यंतर तपात केली, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. उपवास दुसऱ्याने केला तर त्याचे फळ आपल्याला मिळत नाही. शिकण्याचेही तसेच आहे. शिक्षकाने कितीही श्रम केले तरी विद्यार्थ्याच्या वाट्याचे श्रम त्याला करता येत नाहीत. त्या श्रमांना जागा करून देणे हे शिकवणाऱ्याचे काम, आणि त्या श्रमांपासून पळ न काढणे हे शिकणाऱ्याचे.

पहिली पायरी वाचना. ग्रंथ आणि त्याचा अर्थ शुद्ध रूपात शिष्याच्या हाती देणे म्हणजे वाचना. ‘देणे’ या शब्दातच हे गृहीत आहे की, दिलेले घेणाऱ्याला घेता आले पाहिजे. या बाबतीत मुंबईतीलच एक प्रयोग उद्बोधक आहे. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. घाटकोपरपासून फार दूर नसलेल्या मानखुर्द येथे आज त्याचे संकुल आहे. केंद्राचे संस्थापक-संचालक, भौतिकशास्त्रज्ञ डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांत गेले. तेथील मुले विज्ञानात मागे का पडतात, हे त्यांना समजून घ्यायचे होते. त्यांना आढळले की अनेकदा अडचण विज्ञानाची नसून पुस्तकाच्या भाषेची असते. जड संज्ञा आणि लांबलचक वाक्ये मुलाच्या घरी कोणी बोलत नसते. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली तेव्हा मुलांची समज सुधारली. हे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८० पासून केंद्राने महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष उपक्रम चालविला, आणि योग्य मार्गदर्शन मिळताच त्या मुलांनी शालान्त परीक्षेत लक्षणीय प्रगती दाखविली. बुद्धी त्यांच्याजवळ आधीपासूनच होती. वाचना त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

बोरिवलीच्या पुढे त्याच पश्चिम रेल्वेवर डहाणू लागते. त्या तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर याहून आधी असाच एक धडा घालून दिला गेला. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथूनच रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे आणि पाने यांनीच गणती व वर्गीकरण शिकविले. शिक्षणाची रचना करणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे. आधी शिकणारा कोठे उभा आहे ते पाहावे आणि मग धडा तेथपर्यंत न्यावा. प्राकृत गाथा किंवा संस्कृत सूत्र मुलासमोर ठेवताना त्याचा अर्थ मुलाच्या घरच्या बोलीत, त्याच्या परिचयाच्या उदाहरणाने सांगितला जातो काय, हे प्रत्येक पाठशाळेने तपासून पाहावे.

दुसरी पायरी पृच्छना. संशय फेडण्यासाठी किंवा निश्चित झालेले अधिक दृढ करण्यासाठी विचारणे म्हणजे पृच्छना, असे टीकाकार सांगतात. स्वतःचा मोठेपणा मिरविण्यासाठी किंवा दुसऱ्याचा उपहास करण्यासाठी विचारलेला प्रश्न त्यांनी यातून वगळला आहे. आपल्या वाङ्मयाचा मोठा भाग प्रश्नांतून उमलला आहे. भगवतीसूत्र प्रामुख्याने इंद्रभूती गौतमांचे प्रश्न आणि भगवान महावीरांची उत्तरे अशा रूपात आहे, आणि त्यात छत्तीस हजार प्रश्न होते असे परंपरा सांगते. दिगंबर पुराणांतही राजा श्रेणिक गौतम गणधरांना विचारतो आणि कथा सुरू होते. प्रमुख गणधरांना प्रश्न विचारण्यात संकोच वाटला नाही. मग इयत्ता सहावीतील मुलाने गप्प का बसावे? पण ‘कोणाला काही शंका?’ असे तासाच्या शेवटी विचारल्याने शंका येत नाहीत. चुकण्याचे भय त्या मुलांना गप्प ठेवते. प्रत्येक मुलाने नाव न घालता एक प्रश्न चिठ्ठीवर लिहावा आणि पेटीत टाकावा, इतकी साधी योजनाही लाजऱ्या मुलाला बोलते करू शकते.

तिसरी पायरी अनुप्रेक्षा. बारा अनुप्रेक्षा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. येथे मात्र जाणलेल्या अर्थाचा मनाने पुन्हा पुन्हा शोध घेणे असा व्यापक अर्थ आहे. आचार्य धरसेनांची कथा या संदर्भात आठवावी. गिरनारच्या चंद्रगुहेत वास करणाऱ्या धरसेनाचार्यांना आपल्याजवळील श्रुत लुप्त होईल ही चिंता होती. त्यांच्याकडे दोन मुनी आले. पुढे ते पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी विख्यात झाले. आचार्यांनी लगेच पाठ सुरू केला नाही. त्यांनी दोघांना एकेक विद्या साधण्यास दिली. एकीच्या मंत्रात एक अक्षर अधिक होते, दुसरीच्या मंत्रात एक उणे. साधना पूर्ण होताच ज्या देवता प्रकटल्या त्यांपैकी एकीचे दात पुढे आलेले होते आणि दुसरी एकाक्ष होती. देवतांचे रूप असे असू शकत नाही, असा विचार दोघांनी केला. दोष मंत्रात आहे हे ओळखून त्यांनी मंत्रशास्त्राच्या आधारे अक्षरे दुरुस्त केली आणि पुन्हा साधना केली. तेव्हा देवता आपल्या स्वाभाविक रूपात प्रकट झाल्या. यानंतरच धरसेनांनी श्रुतदानास प्रारंभ केला.

ही कथा परीक्षेची म्हणून सांगितली जाते. पण ती तितक्याच अंशाने शिक्षणाची आहे. आचार्यांनी चूक दाखविली नाही. चूक स्वतःहून उघडी पडेल अशी परिस्थिती मात्र त्यांनी निर्माण केली, आणि दुरुस्तीचे काम शिष्यांवर सोपविले. आजच्या शिक्षकालाही हे करता येते. फळ्यावरील गणितात एक पायरी जाणूनबुजून चुकवावी आणि ती शोधण्यास वर्गाला सांगावे. सूत्राच्या अर्थात एक शब्द बदलून ‘यात काय बिघडले?’ असे विचारावे. मुले मान डोलावणे थांबवून शोधू लागतात.

चौथी पायरी आम्नाय, म्हणजे शुद्ध उच्चारासह पुनःपुन्हा केलेले आवर्तन. हल्ली ‘घोकंपट्टी’ म्हणून त्याची थट्टा होते. आगम ग्रंथारूढ होण्यापूर्वी अनेक शतके श्रुत मुखोद्गत परंपरेनेच जपले गेले, हे विसरून चालणार नाही. मात्र आवर्तन कसे करावे हे महत्त्वाचे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले की विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते, आणि एकाच बैठकीत रेटलेल्या आवर्तनांपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली आवर्तने अधिक फलदायी ठरतात. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात तर वारंवार वाचणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाचा अधिक भरवसा वाटत होता!

पुस्तक समोर ठेवून दहा वेळा वाचले की ओळी ओळखीच्या होतात, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. पुस्तक मिटून आठवताना अडखळायला होते, श्रम पडतात. पण स्मरण त्या श्रमांनीच पक्के होते. पालकांनी हे समजून घेतले तर मुलाच्या अडखळण्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल. अडखळणारे मूल मंद आहे असे नव्हे. त्या क्षणी ते शिकत असते. त्याला लगेच ओळ सांगून टाकण्यापेक्षा क्षणभर थांबणे हे अधिक मोठे साहाय्य आहे.

पाचवी पायरी धर्मोपदेश : जे समजले ते दुसऱ्याला सांगणे. सांगू लागले की आपल्याला काय समजलेले नाही ते प्रथम आपल्यालाच कळते. आणि जे ज्ञान सांगितले जात नाही त्याचे काय होते, हेही आपल्या इतिहासात आहे. पुष्पदंत-भूतबलींनी रचलेला षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीला शतकानुशतके सुरक्षित होत्या. परंतु त्या अध्ययनाच्या नव्हे, दर्शनाच्या वस्तू झाल्या होत्या. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकलांना प्रारंभ झाला. १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड हिंदी अनुवादासह अमरावतीहून प्रसिद्ध झाला. त्यानंतरच तो ग्रंथ सामान्य अभ्यासकाच्या हाती आला. ग्रंथाचे जतन करणाऱ्यांचे ऋण मोठे आहेच; पण कपाटातून काढून तो वाचकापर्यंत नेणाऱ्यांचे ऋणही तितकेच मोठे आहे.

या पाच पायऱ्या पाठशाळेच्या एका तासात बसविता येतात. पहिली दहा मिनिटे पुस्तके मिटून मागील रविवारचे आठवावे. नंतर नवा पाठ द्यावा. तो थोडका असावा, सोप्या भाषेत असावा. त्यानंतर चिठ्ठ्यांवरील प्रश्न घ्यावेत. मग एखादी मुद्दाम ठेवलेली चूक मुलांकडून शोधून घ्यावी. शेवटी दोन मुलांनी आजचा पाठ लहान गटातील मुलांना समजावून सांगावा, आणि ती दोन मुले दर आठवड्याला बदलावीत. यासाठी वेगळा निधी लागत नाही. शिक्षकाने तासातील आपले बोलणे निम्मे करावे लागते, आणि अनुभवी शिक्षकाला हाच संयम सर्वांत कठीण जातो.

प्रौढांनाही ही पंचसूत्री तितकीच लागू आहे. निवृत्तीनंतर प्रवचनाला नित्य येणारे अनेक श्रावक-श्राविका ‘आता या वयात काय लक्षात राहणार’ असे म्हणतात. त्यांनी घरी परतल्यावर वही उघडून ऐकलेल्यापैकी तीन गोष्टी आठवून लिहाव्यात आणि त्यांतील एक नातवंडाला सांगावी. नातवंडाने उलट प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देता आले नाही, तर पुढच्या प्रवचनाला तो प्रश्न बरोबर घेऊन यावे. अशा घरात आजोबा आणि नातू दोघेही विद्यार्थी असतात.

सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक संकल्प सोडले जातील. त्यांत एका संकल्पाची भर पडावी : या संस्थेच्या पाठशाळेतून एकही मूल ‘मला येत नाही’ या समजुतीने निघून जाऊ नये. ते मूल परत यावे यासाठी येत्या रविवारी त्याला पाठ म्हणावयास न सांगता त्याच्या मनातला एक प्रश्न विचारावयास सांगावे.