तार बदलली, सूर का फिरला?
(गणेशोत्सवात तलमडुगु येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या आरतीत पेटी आणि तबल्याच्या जोडीला आता मुलांची इलेक्ट्रिक गिटारही असते. उत्सवाच्या तोंडावर मुले नवा सेट चढवतात, नऊ नंबरच्या जागी दहा नंबरचा. खुल्या तारा पेटीशी जुळतात, पण हात वरच्या पडद्यांवर गेला की सूर चढा लागतो. मग आपण ज्येष्ठ मंडळी म्हणतो, "पोराला कान नाही." बहुधा कान ठीक असतो, वाद्याची मापे बदललेली असतात.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारचे पडदे मात्र पक्के ठोकलेले. तिथे सरकते ती फक्त ब्रिजवरची सॅडल, म्हणजे आपली घोडीच म्हणा ना, प्रत्येक तारेची वेगळी.

नऊ नंबर म्हणजे ०.००९ इंच जाडीची पहिली तार. दहा नंबर घातला की त्याच सुरासाठी तिचा ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, कारण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्या ओढीने मान किंचित पुढे वाकते, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि दाबताना जास्त ताणल्या जातात. शिवाय जाड तार ताठर असते. तिची टोके मोकळी डोलत नाहीत आणि कंप पावणारी लांबी थोडी कमी पडते. या सगळ्याने सूर चढतो.

आता उपाय. तारा नव्या हव्यात, जुन्या गंजक्या तारांवर ही मेहनत फुकट जाते. त्या हलके ओढून बसू द्याव्यात. आधी मानेचा बाक आणि तारांची उंची ठीक करावी. मानेतला रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, हात बसलेला नसेल तर जाणकाराला दाखवावे. ब्रिज स्प्रिंगवर तरंगणारा असेल तर तो उचलला गेला नाही ना, तेही पाहावे.

मग ज्या पट्टीत वाजवायचे त्याच पट्टीत तार लावावी. बाराव्या पडद्याच्या पट्टीवर बोट नुसते टेकवून छेडावे, खुल्या तारेच्या दुप्पट उंचीचा सूर मिळतो. तिथेच तार नेहमीइतक्या जोराने दाबून वाजवावी. मोबाइलवरील ट्यूनरमध्ये दोन्ही पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मानेपासून लांब न्यावी, उतरा असेल तर मानेकडे आणावी. प्रत्येक वेळी तार पुन्हा लावूनच तपासावे, कारण सॅडल हलली की ताणही बदलतो. सहाही तारांना असेच.

दाबलेल्या पहिल्या-दुसऱ्या पडद्यावरच सूर चढा असेल तर दोष बहुधा डोक्याकडच्या नटचा. जाड तार खाचेत नीट बसत नाही, तिथे सॅडल फिरवून काही होत नाही.

एवढे करूनही प्रत्येक पडद्यावर सूर काटेकोर लागेल असे नाही. पेटीसारखेच गिटारचे पडदेही सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. पण पेटीसोबत वाजवण्याइतका मेळ नक्की जमेल.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे: मुलाला बेसूर ठरवण्यापूर्वी त्याचे वाद्य तपासा. अशा एका शेऱ्याने वाद्य कपाटावर जाते आणि पुढल्या वर्षी आरतीला साथ करणारा एक जण कमी होतो.

गणपती बाप्पा मोरया!