युरोपशी मुक्त व्यापार आणि आपण

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात वाशी येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी 'युरोपशी मुक्त व्यापार' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आहे. हा विषय दिल्ली आणि ब्रुसेल्स येथील मुत्सद्द्यांचा. आपल्यासारख्या प्रापंचिकांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु आपण राहतो ते नगरच परदेशी व्यापारावर पोसलेले आहे. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तुर्भ्याच्या फळबाजारात दर हंगामात कोकणच्या हापूसच्या पेट्या उतरतात. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची चूल बागायत, आडत, मालवाहतूक किंवा जकातीची कारकुनी यांवरच पेटते. तेव्हा हा विषय परक्याचा नव्हे, आपल्या घरचाच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील वाटाघाटींस २००७ साली आरंभ झाला. मोटारी आणि मद्य यांवरील आपली भारी जकात उतरावी, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या कुशल मनुष्यबळास तेथे वाव मिळावा, हा आपला होता. बरीच घासाघीस होऊन २०१३ साली बोलणी थांबली. जून २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि २७ जानेवारी २०२६ रोजी ती पूर्ण झाल्याचे नव्या दिल्लीत जाहीर करण्यात आले. युरोपीय मोटारींवरील ११० टक्क्यांपर्यंतची जकात ठरावीक संख्येच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणावयाची, आणि त्यांनी आपले कापड, चामड्याच्या वस्तू, मासळी इत्यादी मालावरील जकात काढावयाची, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. दुग्धव्यवसायास आपण या देवघेवीबाहेर ठेवले, हे योग्यच झाले. तथापि घोषणा म्हणजे अंमल नव्हे. मसुद्याची कायदेशीर छाननी, उभय पक्षांच्या सह्या आणि युरोपीय संसदेची संमती या पायऱ्या घोषणेनंतरच चढावयाच्या असतात.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. जकात गेली की दार उघडले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही, हे आपल्या हापूसनेच आपणांस शिकविले आहे. युरोपात ताज्या आंब्यावर जकात नाही. असे असूनही १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंब्यास आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ व अळू यांस बंदी केली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्या, हे त्याचे कारण. जकातीचे दार सताड उघडे होते. बंद झाले ते तपासणीचे दार. पुढे आपल्याकडील तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला. आज वाशी येथे राज्याच्या कृषि पणन मंडळाची निर्यात सुविधा केंद्रे आहेत. तेथे परदेशी जाणाऱ्या फळांवर उष्णजल, उष्ण बाष्प किंवा विकिरण यांपैकी त्या त्या देशास मान्य असलेली प्रक्रिया होते.

अमेरिकेचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. विकिरणाच्या अटीवर तिने २००७ साली आपल्या आंब्यास प्रवेश दिला. परंतु मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळात कीड सापडली होती असे नव्हे. प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे कारण सांगण्यात आले. फळ परत आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ते तेथेच नष्ट करावे लागले. वर्षभराची मेहनत एका कागदापायी मातीमोल होऊ शकते, ती अशी.

हे सारे नियम म्हणजे स्वतःच्या बाजारपेठेस कुंपण घालण्याची युक्ती होय, असा आक्षेप घेतला जातो. त्यात काही तथ्य आहे, आणि म्हणूनच आपल्या प्रयोगशाळांचे दाखले तेथे ग्राह्य धरले जावेत, असा आग्रह आपल्या सरकारने धरलाच पाहिजे. परंतु प्रत्येक अडवणुकीस अन्याय म्हणून आपण मोकळे होऊ नये. आपल्या मालाबरोबर आलेल्या किडींपासून आमच्या टोमॅटो-काकडीच्या पिकास धोका आहे, असे ब्रिटनच्या सरकारने २०१४ साली म्हटले होते. आपले पीक आपणांस जितके प्रिय, तितकेच त्यांचे त्यांना.

खरी चिंता निराळीच आहे. ज्याची हजार कलमे आहेत तो बागाईतदार फवारणीची नोंद ठेवण्यास माणूस नेमील. ज्याची पन्नास कलमे आहेत त्याने काय करावे? बागेची 'मँगोनेट'वर नोंदणी, औषधांचा हिशेब, काढणीची शिस्त ही त्यास एकट्याने झेपणारी नाहीत. मग कराराचा लाभ मोठ्यांच्या पदरी पडतो आणि लहान माणूस पूर्वीप्रमाणेच दलालाच्या दारी उभा राहतो. ज्या भूमीवर हे नगर वसले तिचा इतिहास आठवा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कोठे पुढे भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क लाभला. मोठ्या योजनेत लहानांचा वाटा आपोआप निघत नाही. तो संघटित होऊनच मिळवावा लागतो.

म्हणून या सभेपुढे आमच्या दोन सूचना आहेत. ज्यांच्या कोकणात लहान बागा आहेत, अशा सभासदांनी गावनिहाय गट करून नोंदणी आणि नोंदवह्या एकत्र ठेवाव्यात. शिकलेल्या मुलामुलींनी सुट्टीत ते काम अंगावर घ्यावे. दुसरे असे की, आपल्या शिष्यवृत्ती देताना वैद्यकी आणि स्थापत्य यांच्या जोडीला वनस्पतिसंरक्षण, अन्नपरीक्षण आणि सीमाशुल्काचे काम शिकणाऱ्यांचाही विचार व्हावा. करार दिल्लीत होतो. परंतु तो फळाला येतो की नाही, हे वाशीच्या तपासणीच्या मेजावर ठरते. त्या मेजाशी आपली मुले जाणतेपणाने उभी राहावीत, एवढीच आमची इच्छा आहे.