चार वेळा दिसलेला सूर्य



सभोवार पाणी आणि वर आकाश; वाट नाही, खूण नाही. अशा ठिकाणी आपण कोठे आहोत हे दर्यावर्द्याने ओळखावे कसे? त्यासाठी दोनशेहून अधिक वर्षे खलाशी ‘सेक्स्टंट’ नावाचे उपकरण वापरीत आले आहेत. वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाएवढी कमान, लहानशी दुर्बीण आणि दोन आरसे, एवढाच त्याचा संसार. आरसा फिरवून सूर्याचे प्रतिबिंब क्षितिजरेषेवर अलगद टेकवावयाचे, त्याची उंची अंश-कलांत वाचावयाची, त्याच क्षणी घड्याळातील वेळ टिपावयाची आणि नाविक पंचांगावरून गणित मांडावयाचे. कोनात एका कलेची चूक झाली, तर स्थानात सुमारे एका सागरी मैलाची चूक होते.

या चुकीचे मोल काय, हे १९१६ सालच्या एका सफरीवरून कळते. शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युअरन्स’ जहाज दक्षिण ध्रुवप्रदेशातील बर्फात सापडून १९१५ मध्ये बुडाले होते. बावीस सोबत्यांना एलिफंट बेटावर ठेवून २४ एप्रिल १९१६ रोजी सहा जण साडेबावीस फुटी होडीतून मदत आणावयास निघाले. साउथ जॉर्जिया बेट सुमारे आठशे सागरी मैल दूर होते.

मार्ग काढण्याचे काम फ्रँक वर्स्ले यांच्याकडे होते. आभाळ सदा भरलेले. त्या साऱ्या प्रवासात सूर्य त्यांच्या हाती लागला तो अवघा चार वेळा. एका हाताने डोलकाठीला विळखा घालावयाचा, होडी लाटेच्या माथ्यावर चढली की निमिषभर दिसणारे क्षितिज गाठावयाचे. पंचांगाची पाने तर भिजून लगदा होऊ लागली होती.

बेट जवळ आले तेव्हा वर्स्ले यांनी शॅकल्टन यांना स्पष्ट सांगितले, की आपल्या गणितात दहा मैलांची चूक असू शकेल. देवमासे पकडणाऱ्यांच्या वसाहती बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर होत्या. तिकडे वळताना बेट हुकले असते, तर पश्चिमेच्या वाऱ्याने होडी मोकळ्या महासागरात लोटली असती. मग त्या बावीस जणांची वार्ता कोणी पोहोचविली असती? म्हणून त्यांनी अलीकडचा निर्मनुष्य किनारा धरला व १० मे रोजी तेथे पाय ठेवला. पुढे तिघांना बर्फाचे डोंगर पायी ओलांडावे लागले. ३० ऑगस्ट रोजी एलिफंट बेटावरील बावीसही जण सुखरूप सुटले.

आज उपग्रहांमुळे जहाजाचे स्थान क्षणात कळते. तरीही नौकाधिकाऱ्यांना सूर्यताऱ्यांवरून स्थान काढण्याची विद्या शिकविली जातेच. गणित शिकणाऱ्या आपल्या मुलांना मी एवढेच सांगेन : उत्तर काढावे, आणि ते कितपत चुकू शकेल हेही त्याच्याशेजारी प्रामाणिकपणे लिहावे. वर्स्ले यांनी तेच केले.