दमा, पंप आणि परदेशचा पत्ता

आजच्या भागात करिअर नाही, पॅकेज नाही, व्हिसा इंटरव्ह्यू नाही. आज बोलायचंय पंपाबद्दल. म्हणजे इनहेलरबद्दल. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. त्यामुळे कोणी किती डोस घ्यायचा ते मी सांगणार नाही. माझं काय चुकलं, तेवढं सांगणार आहे.

मला सहावीपासून दमा आहे. पण आमच्या कोथरूडच्या घरात हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. पाहुणे आले की, "हिला जरा धुळीची ॲलर्जी आहे." पुण्यात ते खपूनही जातं हो! १९५०च्या दशकात पुण्यात ज्याची नोंद झाली आणि मग जे देशभर पसरलं, ते गाजरगवत आहे. दिवाळीचा धूर आहे, बांधकामांची धूळ आहे. निम्मं शहर खोकतच असतं. नोकरी लागल्यावर तर आई म्हणाली, "अगं, आता स्थळं बघायचीत. दमा-बिमा कशाला बोलतेस बाहेर?"

औषधाचंही असंच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जुनं खोकं दाखवलं की अस्थालिन हातात. खरं तर हे शेड्यूल एचचं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. पण काकांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. चिठ्ठी कोण मागतंय?

सप्टेंबर २०२४ मध्ये मी मँचेस्टरला गेले. बॅगेत दोन अस्थालिन, दोन फोराकोर्ट. डॉक्टरांचं पत्र? नाही. फाइल? कपाटात. तिथे जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं असतं. फॉर्मवर प्रश्न होता, दीर्घकाळचा काही आजार आहे का? आणि मी, बीटेक झालेली मुलगी, काय केलं? जागा कोरी सोडली. सवयच ती.

पुढे दुसरी चूक. फोराकोर्ट संपेल म्हणून जपून वापरायला लागले. रोजचं औषध मी दिवसाआड केलं, मग बंदच केलं. बरं वाटत होतं ना! आता हे लक्षात घ्या: अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल, ते आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं. पण नळ्यांना आलेली सूज त्याने जात नाही. सूज उतरवायचं काम फोराकोर्टमधलं ब्युडेसोनाइड करतं, आणि ते हळूहळू करतं. बंद केलं की लगेच काही कळत नाही. काही आठवड्यांनी कळतं.

मला नोव्हेंबरमध्ये कळलं. थंडी, ओल आलेली खोली, खिडकीपाशी काळी बुरशी. शनिवारी रात्री घरघर सुरू झाली. पंप दाबला तर नुसती हवा. दुसरा आधीच संपलेला. वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. बाजूच्या खोलीतल्या मुलीचं दार ठोठावलं. तिला तर माहीतच नव्हतं की मला दमा आहे! तिने ९९९ला फोन केला. इमर्जन्सीमध्ये नेब्युलायझर लावला, स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. तिथल्या डॉक्टरांनी रेकॉर्ड उघडलं. रेकॉर्डमध्ये दमा नाही, औषध नाही, काहीच नाही. सिस्टिममध्ये मी ठणठणीत होते.

दोन दिवसांनी जीपीकडच्या दम्याच्या नर्सकडे गेले. अर्धा तास तिने फक्त ऐकून घेतलं. मी स्टेरॉइडची भीती बोलून दाखवली. ती म्हणाली, गोळी मिलिग्रॅममध्ये असते, पफ मायक्रोग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. रोजचा पफ टाळून मी गोळ्यांपर्यंत पोचले होते. हिशोब सरळ होता. तिने पंप कसा ओढायचा ते शिकवलं, नंतर चूळ भरायला सांगितली, फुंकर मोजायचं पीक फ्लो मीटर दिलं आणि एका पानावर प्लॅन लिहून दिला: आकडा इतका खाली आला तर हे करायचं, आणखी खाली गेला तर ९९९. आपल्या भाषेत, मॉनिटरिंग आणि अलर्ट!

आता कामाच्या गोष्टी.

एक. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात निदान, औषधाचं मूळ नाव आणि डोस हवा. ब्रँड तिथे चालत नाही. साल्ब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात. आकडेही फसवतात. ब्रिटनमध्ये ज्या सिंबिकॉर्टवर २००/६ लिहितात, त्याच ताकदीवर अमेरिकेत १६०/४.५ असतं. एकीकडे मोजून सोडलेला डोस, दुसरीकडे तोंडापर्यंत पोचणारा. स्वतः भाषांतर करू नका, फार्मासिस्टला विचारा.

दोन. पंप केबिन बॅगेत. चेक-इनमध्ये कधीच नाही.

तीन. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टर गाठा, औषध संपायची वाट बघू नका. आपली चिठ्ठी तिथल्या दुकानात चालेल हे धरून चालू नका.

चार. पैसे. व्हिसाबरोबर आरोग्य सरचार्ज भरावा लागतो, मी गेले तेव्हा वर्षाला १,०३५ पौंड. तरी इंग्लंडमध्ये औषधाला प्रत्येकी ९.९० पौंड लागत होते. दम्याला माफी नाही. महिन्याला दोन औषधं धरली तर वर्षाचे २३७.६० पौंड. पण वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट ११४.५० पौंडांना होतं, मग कितीही औषधं घ्या. हे मला तीन महिन्यांनी कळलं! स्कॉटलंड आणि वेल्समध्ये चिठ्ठीचे पैसेच नाहीत. जर्मनीत सरकारी विमा असेल तर साधारण ५ ते १० युरो भरायचे, आणि २०२४ पासून चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक.

पाच. रूममेटला सांगा. पंप कुठे ठेवलाय तेही सांगा.

आणि इथे पुण्यातच राहणाऱ्यांना: नुसत्या अस्थालिनवर दिवस काढत असाल तर डॉक्टरांना भेटा. मोठ्या माणसांनी फक्त त्याच्यावर राहू नये, हे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनात आहे. अटॅक आला तर ताठ बसा, प्लॅनप्रमाणे पफ घ्या, उतार नाही तर १०८.

गेल्या दिवाळीला घरी आले होते. खाली पोरं फटाके लावत होती. आई गॅलरीत गेली आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरे, जरा लांब लावा रे, आमच्या हिला दमा आहे!"

मी आतून ऐकलं. इतकं मोकळं वाटलं, काय सांगू!

तुमच्या फॉर्मवर कुठली जागा कोरी राहिलीय का? आज भरून टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!