पूर्ववत् होणे म्हणजे काय?



वसंतातील व्याख्यानांचे दिवस आणि परीक्षांच्या निकालांचे दिवस आपल्याकडे बहुधा एकत्रच येतात. आज संध्याकाळी येथे येण्यासाठी आम्ही घराबाहेर पडलो, तो कोपऱ्यापर्यंत पोचेतो दोन ठिकाणचे पेढे हातावर पडले. ज्या घरांतून पेढे आले नाहीत त्या घरांविषयी आम्ही बोलणार आहोत. आणि त्यांतही मुलगा नापास झाला म्हणून नव्हे, तर मुलगा किंवा मुलगी परीक्षेला बसूच शकली नाही म्हणून ज्यांनी दार लोटून घेतले आहे, त्यांच्याविषयी. नापास झालेल्याचे दुःख सांगता तरी येते. 'मुलगा सहा महिने खोलीबाहेर पडला नाही', हे शेजाऱ्याला कसे सांगावयाचे?

प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. आम्ही वैद्य नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. आमचे आयुष्य गणित शिकविण्यात गेले. तेव्हा औषधांविषयी आमच्याकडून काही ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ते ज्याचे त्याने जाणत्या डॉक्टरांकडून ऐकावे, आणि वेळीच ऐकावे. आम्ही बोलणार आहोत ते औषध सुरू झाल्यानंतर, ताप उतरल्यानंतर घरातल्यांच्या तोंडी जो प्रश्न येतो त्याविषयी. तो प्रश्न असा : 'आता हा पूर्ववत् केव्हा होणार?'

प्रश्न मायेचा आहे. पण तो प्रश्नच चुकीचा मांडला आहे, असे आम्हांस हल्ली वाटू लागले आहे. गणितात असे पुष्कळदा होते. उत्तर सापडत नाही, कारण उदाहरणच चुकीचे उतरवून घेतलेले असते.

आधी वयाची गोष्ट पाहू. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात केव्हातरी मनाचे दुखणे झालेल्यांपैकी निम्म्यांच्या दुखण्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत, आणि तीन चतुर्थांशांच्या दुखण्याची सुरुवात चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली होती, असे तीत आढळले. आता ह्याच दहा वर्षांत आपण मुलांवर काय काय लादले आहे ते आठवा. दहावी, बारावी, प्रवेशपरीक्षा, पदवी, नोकरी, आणि नोकरीच्या मागोमाग लग्न. म्हणजे ज्या घाटात दरड कोसळण्याचा संभव सर्वांत अधिक, त्याच घाटातून आपण गाडी अगदी वेळापत्रकाबरहुकूम पिटाळतो आहोत. आणि दरड कोसळली, की गाडी त्याच मिनिटाला त्याच रुळावर परत केव्हा येणार म्हणून घड्याळाकडे पाहत बसतो.

आता तीन माणसांच्या हकीकती सांगतो. तिन्ही अमेरिकेतल्या आहेत, कारण त्या माणसांनी आपल्या दुखण्याविषयी मोकळेपणाने लिहून किंवा बोलून ठेवले. आपल्याकडे अशी माणसे नव्हती असे नव्हे. पण आपल्याकडे ती गोष्ट चरित्रातून गाळण्याची रीत होती.

पहिला विल्यम जेम्स. जन्म १८४२. ह्याने आधी चित्रकला धरली व सोडली. मग रसायनशास्त्र, मग वैद्यक. मध्येच १८६५ साली अॅगासीझ ह्या निसर्गशास्त्रज्ञाबरोबर अॅमेझॉन नदीच्या मोहिमेवर गेला, तेथे आजारी पडला. १८६९ साली वैद्यकाची पदवी घेतली, पण दवाखाना काही घातला नाही. त्यानंतर त्याला नैराश्याने असे घेरले की जगावे की नाही इथपर्यंत मजल गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी पदवीधर डॉक्टर बापाच्या घरी बसून आहे! आपल्या वाड्यात असता तर काय काय ऐकून घ्यावे लागले असते ह्याची कल्पना करा. १८७० च्या एप्रिलात एका फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेखन वाचताना, माणसाला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे आपण निदान काही काळ धरून चालावयाचे, असा निश्चय त्याने रोजनिशीत लिहिला. पण त्या रात्रीत तो बरा झाला असे समजू नये. पुढे तीन वर्षांनी तो हार्वर्डमध्ये शरीरशास्त्र शिकवू लागला, तेथून मानसशास्त्राकडे वळला, आणि ज्या ग्रंथाने त्याचे नाव झाले तो ग्रंथ १८९० साली, म्हणजे त्या एप्रिलनंतर वीस वर्षांनी निघाला. कोणी म्हणेल, बाप पैसेवाला होता म्हणून हे थेर चालले. खरे आहे, आम्ही ते नाकारीत नाही. अवकाशाला पैसा लागतो, आणि ज्या घरात महिनाअखेरीस वाण्याची उधारी असते तेथे मुलाला दोन वर्षे सवड देणे ही चैन वाटते. पण पैसा असलेली घरेही ती सवड देत नाहीत, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

दुसरा क्लिफर्ड बीअर्स. आमच्या विषयाचा गाभा ह्या माणसात आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे रेंगाळू. जन्म १८७६, गाव न्यू हेवन, पदवी तेथल्याच येल विद्यापीठाची. वडील भावाला अपस्माराचे झटके येत. तेच आपल्यालाही होणार ह्या भयाने ह्याला विद्यार्थिदशेत पछाडले. ते भय मनात कोंडून त्याने पदवी मिळविली, न्यूयॉर्कमध्ये नोकरी धरली. आणि १९०० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. पुढची तीन वर्षे तीन निरनिराळ्या इस्पितळांत गेली. तेथे त्याला मारहाण झाली, हातपाय बांधणाऱ्या अंगरख्यात रात्रीच्या रात्री काढाव्या लागल्या.

दुखण्यात त्याची अशी खात्री पटली होती की भेटायला येणारे आपले आईबाप, आपला भाऊ हे खरे नव्हेतच; त्यांची सोंगे घेतलेले पोलिसांचे हेर आहेत. दोन वर्षे हा भ्रम टिकला. मग १९०२ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच एक युक्ती काढली. भावाच्या घरच्या पत्त्यावर एक पत्र पाठविले, आणि भेटीला येताना हेच पत्र ओळखीचा दाखला म्हणून घेऊन ये, असे त्यात लिहिले. हेर असेल तर त्याच्या हाती हे पत्र कसे असेल? भाऊ आला. त्याने खिशातून ते पत्र काढून दाखविले. त्या क्षणी दोन वर्षांचा भ्रम गळून पडला.

तो तेवढ्याने बरा झाला नाही. नैराश्य गेले तसा उन्मादाचा फेरा आला, आणि अंगरख्याचे सर्वांत वाईट दिवस त्यानंतरचेच आहेत. १९०३ साली सुटून तो धंद्यात परतला. घरच्यांना वाटले असेल, झाला एकदाचा पूर्ववत्. पण ह्याच्या डोक्यात इस्पितळे होती. तो लिहावयास बसला. त्या भरात तोल जातो आहे असे वाटताच १९०५ साली आपल्या पायांनी पुन्हा इस्पितळात गेला, आणि थोडे दिवस राहून परत आला. हस्तलिखित त्याने कोणाकडे पाठवावे? विल्यम जेम्सकडे. जेम्सने ते उचलून धरले, आणि १९०८ साली पुस्तक निघाले ते जेम्सच्या पत्रासह. त्याच वर्षी बीअर्सने आपल्या राज्यात मनाच्या आरोग्यासाठी एक संस्था काढली, पुढच्या वर्षी सबंध देशासाठी काढली, आणि १९३० साली वॉशिंग्टनला ह्या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिचा मुख्य खटपट्या तोच. त्याच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. जी तीन वर्षे वाया गेली असे कोणीही म्हटले असते, ती तीन वर्षेच त्याचे भांडवल ठरली. त्याच्या पश्चात, १९५३ साली, त्याने सुरू केलेल्या कार्याच्या वारसदारांनी इस्पितळांतल्या जुन्या बेड्या आणि साखळदंड गोळा करून वितळविले व त्यांची तीनशे पौंडांची एक घंटा ओतविली.

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण बीअर्स १९३९ साली पुन्हा इस्पितळात गेला आणि १९४३ साली तेथेच वारला. हे आम्ही मुद्दाम सांगतो. दुखणे परत आले म्हणून मधली तीस वर्षे खोटी ठरत नाहीत. मधुमेही माणसाने उत्तम संसार केला आणि शेवटी मधुमेहानेच गेला, तर त्याचा संसार फसला असे आपण म्हणतो काय?

तिसरी मार्शा लिनेहान. ज्या तीन इस्पितळांत बीअर्स राहिला त्यांतले एक हार्टफर्ड गावचे. पुढे त्याचे नाव बदलले. साठ वर्षांनी, १९६१ साली, त्याच इस्पितळात सतरा वर्षांची ही मुलगी दाखल झाली. दोन वर्षे दोन महिने ती तेथे होती. स्वतःला इजा करून घेई, म्हणून एकांतवासाच्या खोलीत ठेवीत. विजेचे झटके दिले, औषधे दिली. त्या काळच्या उपायांनी फारसा गुण आला नाही. बाहेर आल्यावर ती शिकागोला गेली. दिवसा विमा कंपनीत कारकुनी, रात्री लोयोला विद्यापीठाचे वर्ग, असे करीत १९७१ साली तिने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. मग तिने कामासाठी निवडले ते आपल्यासारखेच रोगी, ज्यांना हात लावावयास इतर कचरत. जीव देण्याच्या कड्यावर पुन्हा पुन्हा जाणारे. त्यांच्यासाठी तिने जी पद्धत बसविली तिचे सार असे, की माणूस आज आहे तसा आधी मान्य करावयाचा, आणि त्याच वेळी त्याला बदलण्याचे कौशल्य हळूहळू शिकवावयाचे. नुसते 'बदल, बदल' म्हटले तर तो खचतो. नुसते 'आहेस तसा रहा' म्हटले तर बुडतो. १९९१ साली ह्या पद्धतीच्या परिणामांचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि आज ती जगभर वापरली जाते. स्वतःची हकीकत मात्र तिने जाहीरपणे सांगितली ती २०११ साली, हार्टफर्डच्या त्याच इस्पितळात. तोवर तिने वयाची अडुसष्ट वर्षे गाठली होती. इतकी वर्षे गप्प राहावेसे ह्या बाईलासुद्धा वाटले, ह्यावरून त्या लाजेचे वजन काय असेल ते समजावे.

आता एक चौथी हकीकत. ती छापील नाही, आमच्या घरची आहे, आणि ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे. आमचा एक भाचा. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात होता. गणितात उत्तम, म्हणून आमचा विशेष लाडका. त्या वर्षी तो अंथरुणाला लागला. नीट सांगायचे तर भिंतीकडे तोंड करून पडू लागला. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, आठ-दहा महिन्यांत तो उठून जेवू-बोलू लागला. आणि आम्ही दर रविवारी त्याच्याकडे जाऊन, मोठ्या मायेने, परीक्षेचा फॉर्म कधी भरतोस म्हणून विचारू लागलो. त्याची जुनी वही उघडून त्याच्यापुढे उदाहरणे मांडू लागलो. त्याच्या आईसमोर, त्याच्या देखत, तो लहानपणी किती हुशार होता त्याच्या गोष्टी सांगू लागलो. एका रविवारी तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्ही ज्याला भेटायला येता तो आता येथे राहत नाही. मी आहे. माझ्याशी बोलायचे तर बोला."

घरी आल्यावर आम्हांस बीअर्सचा भाऊ आठवला. भ्रमात असताना रोग्याला आपली माणसे तोतया वाटली. आणि येथे तर आम्ही शहाणीसुरती माणसे समोरच्या मुलाला तोतया ठरवून बसलो होतो! खरा मुलगा म्हणजे पूर्वीचा, हा कोणीतरी त्याच्या जागी येऊन बसलेला. तो गेला की खरा परत येईल. ओळखीचा दाखला तो बिचारा रोज दाखवीत होता, आम्ही तो हाती घेत नव्हतो.

त्यानंतर आम्ही परीक्षेचा विषय काढला नाही. फुशारकी मारीत नाही. पुष्कळदा जिभेवर आला होता. गल्लीच्या टोकाला पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. भाचा आधी नुसता त्यांच्या दुकानात जाऊन बसे. मग भाते शिवू लागला. मग सुराच्या पितळी जिभल्या खरवडून सूर जुळविण्याचे काम शिकला. त्याला चार वर्षे लागली. आज आषाढीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे रांगेने येतात. अभियंता झाला असता तर ह्याच्या तिप्पट मिळविले असते, असे त्याचा थोरला भाऊ म्हणतो, आणि हिशेबाने ते खरे आहे. गोळ्या अजून चालू आहेत. मधे एकदा दोन महिने दुकान बंद होते.

आजार हे वरदान आहे, वेडाच्या पोटी प्रतिभा असते, असला मतलब कोणी ह्यातून काढू नये. ती चहाच्या पेल्यावरची बडबड आहे. जेम्स आजारामुळे मोठा झाला नाही; आणि आजारी पडलेली बहुसंख्य मुले जेम्स होणार नाहीत, व्हावयाचे कारणही नाही. तशीच प्रत्येकाने वाट बदलावी असेही नाही. कित्येक मुले त्याच वर्गात परत जातात, पास होतात, त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की परतण्याची वाट एकच ठरवून तिच्या तोंडाशी आपण आरती घेऊन उभे राहू नये.

कायदा आपल्यापुढे गेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याच्या शुश्रूषेची व्यवस्था करणे हे सरकारचे कर्तव्य मानावे, असे तो सांगतो. आपल्या आळ्यांतून मात्र अशा मुलाची चौकशी अजून दबक्या आवाजातच होते, आणि लग्न जमविताना तर होतच नाही.

वेळ संपत आली आहे. सभा संपल्यावर आम्ही अर्धा तास येथेच थांबणार आहोत. आमच्याबरोबर आमचे एक मानसोपचारतज्ज्ञ स्नेही आले आहेत. ज्यांना चारचौघांत विचारावयाचे नसेल त्यांनी मंडपाच्या मागच्या बाजूस यावे, किंवा नाव न घालता चिठ्ठी द्यावी. आमचा भाचाही आला आहे. त्याला हवे ते विचारा. मात्र सुरुवात पेटीपासून करावी, अशी त्याची अट आहे.