दारू आधी की उदासी आधी?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी समुपदेशनाचं काम करते. सेक्रेटरी साहेबांनी विषय विचारला, मी "नैराश्य आणि व्यसन" असं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आनंदाचा कार्यक्रम आहे." मी म्हटलं, पंचवीस वर्षांत पाण्यावर, पार्किंगवर, मेंटेनन्सवर खूप बोलून झालं. दार लावून जे चालतं त्यावर एक तास बोलू द्या.

घरात कुणी पित असेल तर आपण दोन गोष्टी बोलतो. एक, "त्याला कसली उदासी? पितो म्हणून असा झालाय." दुसरी, "बिचाऱ्याला टेन्शन आहे, म्हणून घेतो." पहिलं बोलणारा मनाचा उपचार करू देत नाही, दुसरं बोलणारा दारूचा. आणि माणूस मधल्या मधे तसाच राहतो.

समजा, सेनगावकडच्या शाळेत नोकरी करणारा, हिंगोलीत घर असणारा एक माणूस आहे. वडील गेले, गावाकडं सोयाबीनचं नुकसान झालं, बँकेचा हप्ता आहे. झोप येईना, जेवण जाईना, लेकरांशी बोलावंसं वाटेना. हे नैराश्य आहे, पण त्याला कुणी तसं म्हणत नाही. मित्र म्हणतो, "दोन पेग घे, झोप लागेल." लागतेही! पण दारूची झोप पहिल्या दोन-तीन तासांची. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, छातीत धडधड, आणि काल काय बोललो याची लाज. त्या लाजेवर पुन्हा दारू. मेंदूचं काम मंदावणारा पदार्थ आहे तो, उदास माणसाला आणखी खाली नेतो. वर्षभरानं आधी काय होतं हे त्यालाही सांगता येत नाही.

आणि मला विचाराल तर, सांगता आलं नाही तरी बिघडत नाही. दोन्हीवर एकदमच उपचार करायचे असतात.

महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण पुण्याचं मुक्तांगण. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू झालं. डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ, त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या. अनिल अवचट लेखक, त्यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं आणि पु. ल. देशपांडे मदतीला उभे राहिले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे तिथं पहिल्या दिवसापासून धरून चाललं. पस्तीस दिवस राहायचं. शरीरातली दारू उतरवायची, सोबत मनावरही काम करायचं. व्यसनातून बाहेर आलेलेच पुष्कळ जण तिथं पुढं कार्यकर्ते झाले. आणि पत्नींसाठी 'सहचरी' गट. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. कारण मालक पितात त्या घरात बाईची झोप उडालेली असते, तिला रडू आवरत नाही, आणि तिला कुणी विचारत नाही. तिलाही नैराश्य येतं. काही जणी मिश्रीवर, काही झोपेच्या गोळ्यांवर दिवस काढतात.

आता उपचाराचं थोडं सांगते. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरतात, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन ते उतरवतात. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांची उदासी बरीच ओसरते. ज्यांची ओसरत नाही, किंवा दारूच्या आधीपासून होती, त्यांना नैराश्याची औषधं आणि समुपदेशन लागतं. मरणाचे विचार असतील तर एक दिवसही वाट पाहायची नाही.

"गोळ्यांचीच सवय लागेल" असं म्हणतात. नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही; फक्त मनानं बंद करायच्या नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे मात्र खरं. म्हणून मेडिकलवरून परस्पर आणू नका.

आणि ती पुडी! "न कळत भाजीत मिसळा, दारू सुटेल." वहिनी, मावशी, कृपा करून हे करू नका. पुडीत काय आहे आपल्याला माहीत नसतं. डायसल्फिराम असलं आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. डॉक्टर ते औषध त्याला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात.

मराठवाड्यात बोलतेय म्हणून एक जास्तीची गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी जणांची शेती आहे, फवारणीचं औषध घरात, जिन्याखाली ठेवलेलं असतं. उदास माणूस प्यायला की त्याचा स्वतःवरचा आवर सुटतो. ती घटका निघून गेली तर तो वाचतो. औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या, किंवा घरात ठेवूच नका. आणि "कधी मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

कुठं जायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. शेतकरी कुटुंबांसाठी शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे, आशाताईंना विचारा. टेलिमानसचा नंबर १४४१६, रात्री-अपरात्रीसुद्धा, मराठीत, फुकट. नशामुक्तीचा १४४४६. हे दोन्ही नंबर आपल्या नोटीस बोर्डवर, टँकरवाल्याच्या नंबरशेजारी लावायला सेक्रेटरी साहेबांनी आत्ताच होकार दिलाय.

उपचार घेऊन आलेला माणूस पुन्हा घसरला, तर "बघा, आम्ही म्हणालोच होतो" असं जिन्यात कुणी म्हणू नये. शुगर वाढली म्हणून आपण कुणाला हसत नाही, पुन्हा डॉक्टरकडं पाठवतो. इथंही तेवढंच करायचं.

आता प्रश्न विचारा. चारचौघांत विचारायचं नसेल तर चहाच्या वेळी मी तिकडं जिन्याजवळ थांबते. "शेजारच्यांसाठी विचारतोय" म्हणालात तरी चालेल.